अकरावी-बारावीच्या पोरांची मानसिक तपासणी सरसकट करावी का?

रंकाळाकाठ: भाची गेल्या वर्षी बारावीला होती. रात्री दोनपर्यंत जागी, ताट तसंच परत. ताई म्हणायची, अभ्यासाचं टेन्शन. डॉक्टरकडं न्यायला सहा महिने गेले. 2021 चा एक जागतिक आढावा सांगतो की जवळपास निम्मे मानसिक आजार वयाच्या 18 च्या आत सुरू होतात. मेलबर्नला मानसोपचारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगोरी आणि सहकाऱ्यांनी तर 1994 मध्येच सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजाराची, पूर्वलक्षणं दिसणाऱ्या तरुणांसाठी दवाखाना काढला. मग कोल्हापुरातल्या कॉलेजांनी वर्षातून एकदा प्रश्नावली भरून घ्यायला काय हरकत आहे?

तालीमवाला: भावा, भाचीचं वाचून वाईट वाटलं. पण तसल्या दवाखान्यात ‘धोका जास्त’ म्हणून नोंदलेल्या चौघांपैकी साधारण एकालाच पुढच्या तीन वर्षांत सायकोसिस होतो. उरलेल्या तिघांनी शिक्का घेऊन कुठं जायचं? आणि ती पोरं त्रास होतोय म्हणून आलेली असतात. अख्ख्या वर्गाला चाळणी लावली तर अंदाज आणखीच चुकणार. आमच्या पेठेत एवढी कुजबुज स्थळ मोडायला लई झाली.

रंकाळाकाठ: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे की.

तालीमवाला: कायद्यात असंल. आमचे सर वजन-उंचीसुद्धा अख्ख्या वर्गात मोठ्यानं वाचायचे. ‘बत्तीस किलो’ हे माझं नाव दहावीपर्यंत टिकलं.

खडूफळा: तीस वर्षं शिकवलं, म्हणून बोलते. भाकीत राहू दे बाजूला. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या शाळांत एक प्रयोग झाला. काही ठिकाणी प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक नेमले, काही ठिकाणी तेच काम शिक्षकांकडं दिलं. समुपदेशक होते तिथं मुलांचं नैराश्य कमी झालं, शिक्षकांकडून मात्र काही फरक पडला नाही. वाचून राग आला, मग पटलं. ज्या बाईंच्या हातात मार्क, त्यांना पोरगी मनातलं कशाला सांगेल? पण सरसकट कार्यक्रमांचाही भरवसा नाही. ब्रिटनमध्ये 85 शाळांत ध्यानाचे तास घेऊन पाहिले, 2022 मध्ये निकाल आला, उपयोग शून्य.

रंकाळाकाठ: म्हणजे वाट बघत बसायचं?

खडूफळा: वाट कशाला? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आजही लागतो, फुकट आहे. सूचनाफलकावर लावायला ठराव लागत नाही.

तालीमवाला: समुपदेशकाला माझं हो. यादीला नाही. आणि त्या माणसाला बसायला दार लागणारी खोली द्या, स्टाफरूमचा कोपरा नको.