मदत हवी आहे: ट्रायआउट लेकाची, धडधड माझी

न्यू जर्सीतल्या आईबाबांनो, जरा धीर द्या! लेक नववीत आहे, हायस्कूल बेसबॉलच्या ट्रायआउट्स, म्हणजे टीममध्ये घेण्याआधीच्या निवड चाचण्या, चालू आहेत. काल ६० यार्ड पळवलं, ग्राउंड बॉल अडवायला लावले; आज बॅटिंग. तो निवांत ग्लोव्हला तेल चोळत बसलाय, आणि इथे माझ्या पोटात गोळा. नवऱ्याचं तर विचारूच नका. मार्चच्या थंडीत गाडीत बसून कुंपणापलीकडे डोळे लावतो, घरी आल्यावर क्रिकेटचे धडे देतो!

लेकाने बजावलंय, "आई, कोचला ईमेल करायचा नाही." नाही करत बाबा. पण तो गाडीत बसल्यावर विचारायचं काय, की गप्प बसायचं? आणि फ्रेशमन (नववीच्या मुलांच्या) टीमच्या यादीत नाव नसलं, तर त्या संध्याकाळी तुम्ही काय बोललात?