मॅटर्निटी लीव्हवरून परत आले आणि रेटिंग घसरलं, काय करू?

सातारची_लेक:
नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय. मी पुण्यात आयटीत आहे, नऊ वर्षं झाली. मागच्या वर्षी मुलगी झाली, २६ आठवड्यांची रजा घेतली, पगार वेळेवर आला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण परत आले तर माझा प्रोजेक्ट दुसऱ्याकडे, माझ्या गळ्यात सपोर्टचं काम, आणि अप्रेझलला मॅनेजर म्हणतो तू अर्धं वर्ष नव्हतीसच मग रेटिंग कशावर देऊ. इन्क्रिमेंट शून्य. अहो पण उरलेलं अर्धं वर्ष मी राबलेच की, ते कुठे गेलं? दूध काढायला स्टेशनरीची खोली दिलीय, कागदाच्या खोक्यावर बसून पंप लावते आणि दाराला कडी नाही म्हणून एक पाय दाराला लावून ठेवते. मुलीला सासूबाई सांभाळतात, त्यांचे गुडघे दुखतात तरी तोंडातून शब्द काढत नाहीत. नवरा म्हणतो भांडू नकोस, दुसरीकडे बघ. तिकडेही पहिला प्रश्न हाच, बाळ किती महिन्यांचं?

वकीलकाका:
ताई, आधी राजीनामा देऊ नका. रजा घेतली म्हणून बाईच्या नोकरीच्या अटी तिचं नुकसान होईल अशा बदलायच्या नाहीत, हे १९६१ च्या मॅटर्निटी बेनिफिट अ‍ॅक्टच्या कलम १२ मध्ये होतं, तेच आता नव्या सोशल सिक्युरिटी कोडमध्ये घेतलंय. रेटिंग त्यात बसतं का यावर कंपनी वाद घालेल, पण काम का काढलं आणि हजर महिन्यांचं मूल्यमापन कसं केलं हे मेलवर विचारा, तोंडी नको. ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा २०१७ च्या दुरुस्तीने दिलीय, तेही त्याच मेलमध्ये.

एचआरमधली:
मी एका छोट्या कंपनीत एचआरला आहे, आम्ही पस्तीस जण. खरं सांगते, नवीन लग्न झालेल्या मुलीचा रेझ्युमे आला की मालक तो बाजूला ठेवतात. सहा महिन्यांचा पूर्ण पगार मालकाच्या खिशातून आणि तिच्या जागी दुसरा माणूस घेतला तर त्याचाही. १२ चे २६ आठवडे केले ते फार चांगलं झालं, बाळाला आई मिळाली, पण खर्च सगळा कंपनीवर टाकला आणि कंपन्यांनी तो मुलींवरच काढला. मला हे बघून रात्री झोप लागत नाही कधी कधी.

चाकणकर:
एचआरताई म्हणतात तेच. माझी बायको एमआयडीसीत होती, पगार २१ हजाराच्या आत म्हणून ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू, बाळंतपणाचे पैसे ईएसआयकडून थेट खात्यात, मालकाला एक रुपया द्यावा लागला नाही. मालक दर महिन्याला सगळ्यांच्याच पगारावर ३.२५ टक्के भरतो, बाप्या असो की बाई, मग बाई घेतली म्हणून त्याचं जास्त काय जातंय? २१ हजाराच्या वर गेलं की हे सगळं बंद. का?

स्टॉकहोमची_मावशी:
अगं, इथे स्वीडनमध्ये आईबापाला मिळून ४८० दिवस, त्यातले ९० बापाचेच, त्याने घेतले नाहीत तर गेले. पैसे सरकारी विमा खातं देतं. माझा जावई चार महिने घरी होता, बाबागाडी ढकलत बागेत जायचा, तिथे अजून सहा बाप बसलेले. मॅनेजरला मुलगा घ्या की मुलगी, रजा दोघांचीही धरावीच लागते. तरी इथे सगळं आलबेल आहे असं समजू नकोस. शेजारच्या डेन्मार्कमध्ये अभ्यास झालाय, पहिल्या मुलानंतर बायकांची कमाई पुरुषांच्या मानाने सुमारे २० टक्क्यांनी मागे पडते ती वर्षानुवर्षं तशीच, बापाच्या कमाईला धक्काही लागत नाही. आपल्याकडे खाजगी नोकरीत बापाला कायद्याने एक दिवस नाही, केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस. नवऱ्याला 'भांडू नकोस' म्हणणं सोपं आहे, तो स्वतः किती रजा घेतो ते विचार आधी.

सातारची_लेक:
मावशी, विचारलं. गप्प बसला, मग म्हणाला गुरुवारी लसीला मी नेतो. वकीलकाका, मेल टाकलाय, पाळणाघराचंही लिहिलंय. अजून उत्तर नाही, पण दुपारी एक माणूस येऊन स्टेशनरीच्या खोलीला कडी लावून गेला.