पीडीएफचं रोजचं काम आणि घरची कागदपत्रं : तुम्ही काय वापरता, अनुभव सांगा

विश्रामबाग, सांगली

भावाच्या गृहकर्जासाठी आधार, पॅन, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, सगळं एकाच पीडीएफमध्ये आणि ५ एमबीच्या आत हवं होतं. शोधून जी पहिली साइट आली तिच्यात सगळं टाकलं. दोन मिनिटांत काम झालं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आलं, आपल्या अख्ख्या घराची कुंडली आपण कुणाच्या हातात दिली? तेव्हापासून चैन नाही.

मला मोफत, ब्राउझरमध्येच चालणारं, लॉगिन न मागणारं आणि फाइल बाहेर न नेणारं साधन हवंय. नुसतं नाव सांगू नका, तुम्ही खात्री कशी केलीत तेही लिहा.

कुपवाड एमआयडीसी, कारखान्यात खरेदी विभाग

ताई, या साइट दोन जातीच्या असतात. एका जातीत फाइल त्यांच्या सर्व्हरवर जाते, तिथे काम होतं आणि तयार फाइल आपण उतरवून घेतो. आयलव्हपीडीएफ आणि स्मॉलपीडीएफ ही नावाजलेली नावं याच पद्धतीची. ठरावीक वेळाने फाइल पुसतो असं ते स्वतःच लिहितात, पण मधला वेळ फाइल त्यांच्याकडे असते हे खरंच. दुसऱ्या जातीत साइट फक्त प्रोग्राम पाठवते आणि काम आपल्याच ब्राउझरमध्ये, आपल्या मशीनच्या मेमरीत होतं. बेंटोपीडीएफ या जातीचं आहे, मोफत आहे आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे.

'आम्ही तुमची गोपनीयता जपतो' हे दोन्हीकडे लिहिलेलं असतं, म्हणून मी ते वाचत बसत नाही. माझी पद्धत साधी आहे. साइट पूर्ण उघडू द्यायची, मग वायफाय बंद करायचं, फाइल टाकायची आणि फायली एकत्र जोडायचं बटण दाबायचं. आमच्या टेंडरची २२ एमबीची फाइल मी अशी दोन ठिकाणी करून बघितली. एका ठिकाणी टक्केवारी शून्यावरच अडकली. दुसरीकडे नेट बंद असतानाही जोडलेली फाइल डाउनलोडमध्ये येऊन पडली. त्या दिवसापासून ऑफिसचं काम त्या दुसऱ्या साइटवरच करतो.

आणखी खात्री हवी असेल तर ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून 'नेटवर्क' हा, काय आत-बाहेर जातं ते दाखवणारा भाग उघडा आणि फाइल टाका. २२ एमबी बाहेर निघाले तर तिथे दिसतात.

गणपती पेठ, झेरॉक्स आणि स्कॅनिंगचं दुकान

वरच्यांचं बरोबर आहे, पण मी दुकानाच्या काउंटरवरून सांगतो. निम्मं काम फाइल मुळात नीट काढली तर लागतच नाही. काल एक मावशी मुलीच्या स्कॉलरशिपची १२ पानं मोबाईलवर फोटो काढून घेऊन आल्या. २८ एमबी! प्रत्येक पानावर हाताची आणि बांगड्यांची सावली. तीच पानं मी स्कॅनरवर १५० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला १५० ठिपके), रंग काढून घेतली. फाइल २ एमबीच्या आत आली आणि शिक्कासुद्धा स्वच्छ वाचता येतो. स्कॅन म्हणजे शेवटी फोटोच, म्हणून ती फाइल आवळता येते. मुळात टाइप केलेली पीडीएफ कितीही दाबा, फारशी कमी होत नाही.

दुसरं, साधन कितीही चांगलं असू दे, बाहेर काम करून घेताना फाइल त्या कॉम्प्युटरवर उरतेच. मी रोज रात्री शटर ओढायच्या आधी डाउनलोड फोल्डर रिकामं करतो, मग रिसायकल बिन. लोक व्हॉट्सअॅप वेब तसंच चालू ठेवून जातात, ते बघून जीव कळवळतो. माझ्याकडेच या असं नाही, पण जिथे जाल तिथे समोर उभं राहून पुसून घ्या.

आणि साइटने 'आधी हे डाउनलोड करा' म्हटलं की टॅब बंद करा. मोफत कन्व्हर्टरच्या नावाखाली व्हायरस घुसवतात, असा इशारा मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने दिला होता.

तासगाव, द्राक्षबागायतदार

मला वेगळाच दणका बसला. महाभूमीवरून १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. पीककर्जासाठी आधार, पासबुक आणि सातबारा जोडून एकच फाइल केली आणि पाठवली. चार दिवसांनी निरोप आला की सही पडताळता येत नाही. छाटणीचे दिवस, मजूर बागेत उभे आणि मी कागदासाठी पुन्हा हेलपाटे घालतोय.

मग कळलं, डिजिटल सही असलेल्या फाइलला जोडलं, आवळलं, पान फिरवलं की ती सही तुटते. फाइल घरच्या मशीनवर राहिली काय आणि बाहेर गेली काय, सही जातेच. आता सातबारा आणि आठ-अ वेगळेच पाठवतो, हातही लावत नाही.

मिरज, मेडिक्लेमच्या फायली बघणारी

एका पेशंटचा रिपोर्ट नाव झाकून दुसऱ्या डॉक्टरांच्या मतासाठी पाठवायचा होता. नावावर काळी पट्टी ओढली. पाठवण्याआधी सहज त्या पट्टीवरून माऊस ओढला, कॉपी केलं आणि नोटपॅडमध्ये चिकटवलं. पूर्ण नाव आणि वय जसंच्या तसं समोर! हात गार पडले. पट्टी वर होती, अक्षरं खाली तशीच.

तेव्हापासून पट्टी मारल्यावर त्या पानाचं चित्र करते आणि चित्राचीच पुन्हा पीडीएफ बनवते. मग खाली काही उरत नाही. पाठवण्याआधी माऊस ओढून बघायची सवय मात्र सोडली नाही.

पलूस, निवृत्त शिक्षक

बऱ्याच कामांना साइट लागतच नाही, ब्राउझर पुरतो. फायरफॉक्समध्ये २०२२ पासून पीडीएफवर मजकूर लिहिता येतो. फॉर्मवर नाव आणि तारीख मी तिथेच टाकतो. ४० पानांतली ३ ते ५ एवढीच हवी असतील तर प्रिंटमध्ये जाऊन 'सेव्ह अॅज पीडीएफ' आणि पानांचे आकडे टाकले की झालं.

ई-आधारचा पासवर्ड, म्हणजे नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल, काढून टाकण्यासाठी आमच्या गल्लीतली पोरं फाइल आणि पासवर्ड दोन्ही साइटवर टाकतात. म्हणजे कुलूपही दिलं आणि किल्लीही! तेच ब्राउझरमध्ये उघडून प्रिंटमधून नवी प्रत करता येते. मूळ फाइल जपून ठेवा, सही तिच्यातच असते. आणि आधारचे शेवटचे चारच आकडे दाखवणारी प्रत चालत असेल तर तीच द्या.

राजवाडा चौक, वकिलांकडे कामाला

सगळ्यांशी सहमत, पण एक अडचण सांगते. ब्राउझरमध्येच चालणारं साधन आपल्या मशीनच्या ताकदीवर चालतं. दाव्याची १८० पानांची स्कॅन फाइल मोबाईलवर जोडायला गेले तर टॅब तीनदा बंद पडला. आता जाड फायली ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्टर्लिंग पीडीएफ बसवून करतो. उघडतं ब्राउझरमध्येच, पण चालतं आमच्याच मशीनवर. लग्नपत्रिका, जुन्या प्रश्नपत्रिका असलं काही असेल तर मी सर्व्हरवाल्या साइटलाही हरकत घेत नाही.

विश्रामबाग, सांगली

मनापासून आभार. काल वायफाय बंद करून भावाच्या वेळची तीच साइट तपासली. शून्यावरच अडकली. जे गेलं ते गेलं, पण आज आईच्या पेन्शनचे कागद नेट बंद ठेवून जोडले आणि मस्त झाले.

आता एकच विचारते. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा बाबांची ट्रंक भिजली. त्यातलं टाइप केलेलं मराठी खरेदीखत मी वाळवून स्कॅन केलंय. त्यातला मजकूर घरच्या घरी, ब्राउझरमध्येच ओळखता येईल का?

कुपवाड एमआयडीसी

येईल ताई. टेसरॅक्ट या, चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामला मराठी येतं आणि तो ब्राउझरमध्येही चालतो. स्कॅन मात्र ३०० डीपीआयला घ्या. पहिल्यांदा मराठीची भाषाफाइल नेटवरून उतरते, म्हणून आधी एखादं साधं पान ओळखून घ्या, मग वायफाय बंद करा आणि त्यानंतर खरेदीखत टाका. पाण्याच्या डागाखालची अक्षरं चुकतील, ती मूळ कागद समोर ठेवून ताडून बघा.