मुकादमीत केलेल्या लबाडीची क्षमा मागितली. आता परतफेडीचे काय करावे?

प्रश्न (नवापूर तालुक्यातून)

सर्वांना ख्रिस्तात सलाम.

आमच्या आजोबांचा बाप्तिस्मा पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे काम चालू होते त्या काळात झाला. त्यामुळे मी तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती आहे. पण नऊ हंगाम मी ऊसतोड टोळीचा मुकादम होतो, म्हणजे मजूर जमवून नेणारा आणि त्यांचा हिशेब ठेवणारा, आणि त्या नऊ वर्षांत मी ख्रिस्ती आहे हे माझ्या वहीवरून कोणालाही कळले नसते. दिवाळी झाली की आमच्या पट्ट्यातील माणसे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत उतरतात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मी त्यांना उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देत असे आणि हजाराचे हंगामाअखेर दीड हजार कापून घेत असे. हा तर सर्वांचाच रिवाज होता, असे मी मनाला सांगत आलो. पण त्याखेरीज, ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्या नावावर मी न दिलेली खावटी, म्हणजे खाण्यापुरते उसने धान्य, लिहिली, कुणाच्या नावे ज्वारीचा एखादा कट्टा, म्हणजे पोते, वाढवला, तर कुणाची आजारपणातील उचल दोनदा धरली. माझ्या टोळीत चौदा कोयते होते, म्हणजे चौदा जोडपी, आणि त्यांतील पाच जोडपी आमच्याच मंडळीतील, म्हणजे आमच्या चर्चमधील, होती.

दोन वर्षांपूर्वी संजीवन सभेत माझे मन मोडले आणि मी मुकादमी सोडली. देवापुढे सर्व कबूल केले. पाळकसाहेबांजवळही बोललो. त्यांनी प्रार्थना केली आणि सांगितले की, देवाने क्षमा केली आहे, आता मागे पाहू नका. मी ते मानतो. परंतु रविवारी उपासनेला बसलो की पलीकडे बायकांच्या रांगेत त्या पाच घरांतील बाया दिसतात, आणि प्रभुभोजनाची भाकर हातात आली की हात जड होतो. वह्या मी जाळल्या नाहीत. हिशेब केला तेव्हा खोट्या लिहिलेल्या रकमाच 1 लाख 86 हजार भरल्या, व्याज वेगळे. माझ्याजवळ दोन एकर भाताची जमीन, एक बैलजोडी आणि शिकणाऱ्या दोन मुली आहेत. पत्नी म्हणते की, देवाने जे झाकले ते आपण उघडू नये, त्याने मुलींच्या नावाला बट्टा लागेल. क्षमा मिळाल्यावरही परतफेड करणे हे विश्वासाला धरून आहे, की ती क्षमेवरच्या अविश्वासाची खूण आहे? जाणत्यांनी स्पष्ट सांगावे, ही विनंती.

उत्तर 1 (धुळे, निवृत्त शिक्षिका)

भाऊ, तुमचा प्रश्न वाचताच मला बायबलमधील जकातदार जक्कय आठवला, आणि तो तुम्हालाही आठवला असेलच, कारण तो तुमच्याच धंद्यातील माणूस म्हणावा असा आहे. वरच्यासाठी वसुली करायची, आणि मधल्या मध्ये आपले वाढवून घ्यायचे. लूकच्या 19 व्या अध्यायातील ती गोष्ट आपण लहानपणी रविवारच्या शाळेत बुटका माणूस आणि उंबराचे झाड एवढ्यावरच सोडून देतो. त्यातील क्रम मात्र बारकाईने पाहण्याजोगा आहे. प्रभू येशू झाडाखाली थांबतो आणि ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे’ असे आधी सांगतो. त्या वेळी जक्कयाने एक पैसाही परत केलेला नाही. पैशाची गोष्ट जक्कय नंतर काढतो, आणि तीही आपणहून. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट. म्हणजे परतफेड ही क्षमेची किंमत नव्हती, हे खरेच. पण प्रभूने त्याला ‘राहू दे, मी झाकले आहे’ असेही म्हटले नाही. ‘आज या घराला तारण झाले आहे’ हे शब्द त्याने जक्कयाचे बोलणे ऐकल्यावर उच्चारले.

चौपट हा आकडाही विचार करण्यासारखा आहे. फसवून घेतलेले आपणहून कबूल करून परत करणाऱ्याला लेवीय 6 मध्ये मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढेच सांगितले आहे. मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोराला चौपट भरावे लागे, ते निर्गम 22 मध्ये आहे. जक्कयाने सौम्य कलम सोडून स्वतःला चोराचे कलम लावून घेतले. तुम्ही चौपट द्यावे असे मी म्हणत नाही, तेवढी तुमची ऐपत नाही. परंतु ‘रिवाज होता’ हे वाक्य तुम्ही स्वतःच संशयाने लिहिले आहे, म्हणून त्या दीडपटीबद्दलही बोलते. नहेम्याच्या 5 व्या अध्यायात दुष्काळात शेते आणि मुलेबाळे गहाण पडलेल्या लोकांचा आक्रोश आहे, आणि तेथे नहेम्या सरदारांना शेतांबरोबर व्याजही परत करायला लावतो. व्याज तिथेही रिवाजच होता. आणि याकोबाच्या पत्राचा 5 वा अध्याय तर असे सांगतो की, कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. तुमचा हात जड होतो तो त्या ओरडण्याने होतो, असे मला वाटते. त्याला अविश्वास म्हणू नका.

तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती असूनही असे झाले याची तुम्हाला लाज वाटते, ते स्वाभाविक आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला, आणि पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की, त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो त्यानंतर काही वर्षांनी सापडला. त्यांच्यासारख्या विदुषीचे असे झाले, तर तुम्ही उशिरा जागे झालात म्हणून खचून जाण्याचे कारण नाही.

उत्तर 2 (नंदुरबार, परिचारिका)

माझे आईवडील बारा वर्षे कोयत्याला जात होते, म्हणून मी दुसऱ्या बाजूने लिहिते. लहानपणी मी उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहिले आहे. पहाटे आई उठून पिंपात पाणी भरून ठेवायची आणि तोड चालू असताना धाकट्याला झोळीत टांगायची. हंगाम संपला की मुकादम वही वाचायचा आणि वडील नुसती मान हलवायचे, कारण हरकत घेतली तर पुढच्या पावसाळ्यात उचल कोण देणार? वडिलांना वाचता येत नव्हते, पण आपण फसलो हे त्यांना दर वेळी कळायचे. तुम्ही ज्यांना फसवले त्यांनाही ते ठाऊक आहे. त्यामुळे झाकलेले उघडेल ही तुमच्या पत्नीची भीती खरी असली, तरी झाकलेले असे काही उरलेलेच नाही. लोक फक्त बोलत नाहीत.

माझी एकच विनंती आहे. मंडळीसमोर उभे राहून साक्ष देऊन मोकळे होऊ नका. सर्वांसमोर तुम्ही रडलात तर त्या बायांना क्षमा करावीच लागेल. त्यांना दुसरा पर्याय राहणार नाही. एकेकाच्या घरी जा, वही बरोबर न्या, आणि त्यांचे आकडे आधी विचारा. जी नऊ घरे मंडळीबाहेरची आहेत त्यांच्याकडे आधी गेलात तर फार बरे होईल. आणि कोणाची उचल अजून तुमच्या वहीत बाकी असेल तर ती आजच खोडा. उचलीच्या बदल्यात माणूस बांधून ठेवणे 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हाच आहे.

उत्तर 3 (जळगाव जिल्हा, पाळक)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरी एका गोष्टीची मला काळजी वाटते. अशा माणसांना मी पाहिले आहे, जे परतफेड सुरू करतात आणि मग शेवटचा रुपया फिटेपर्यंत प्रभूच्या मेजाजवळ येत नाहीत. बंधू, तसे करू नका. प्रभूला धरून नेले त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने प्रमुख याजकाच्या आवारात कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत प्रभूला नाकारले. पुढे तिबिर्याच्या किनाऱ्यावर प्रभूने तसाच कोळशाचा विस्तव पेटवून ठेवला होता, त्यावर मासळी होती, आणि त्याने शिष्यांना आधी न्याहारीला बोलावले. ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ हा प्रश्न त्याने पेत्राला न्याहारी झाल्यावर विचारला. प्रश्न टाळला नाही. तीन वेळा विचारला, आणि तो पेत्राला लागलाही. पण उपाशीपोटी विचारला नाही.

मत्तयाच्या 5 व्या अध्यायात अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला जा असे सांगितले आहे, हे मला ठाऊक आहे. त्याचा अर्थ मी असा घेतो की, निघायला उशीर करू नये. तुम्ही निघालात की तुम्ही वाटेवर आहात. पाच-सहा वर्षे फेड चालली तरी तेवढी वर्षे तुम्ही मंडळीबाहेरचे ठरत नाही. तुमच्या पाळकसाहेबांनी ‘मागे पाहू नका’ असे म्हटले ते धीर देण्यासाठी असावे. तरीही त्यांना सर्व पुन्हा सांगा आणि मंडळीतील एखाद्या जाणत्या वडिलांना सोबत न्या, म्हणजे रकमेवरून वाद झाल्यास साक्षीदार राहील. जमीन विकू नका. मुलींचे शिक्षण बंद करून फेडलेले कर्ज हे त्यांच्यावर टाकलेले नवे कर्ज होईल. पत्नीला बाजूला ठेवून मात्र एकही पाऊल टाकू नका. जक्कयाच्या बाबतीत तारण ‘या घराला’ झाले, असे शब्द आहेत.

प्रश्नकर्ता (पाच आठवड्यांनंतर)

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानतो.

पत्नीला सर्व उत्तरे वाचून दाखवली. परिचारिका ताईंनी लिहिलेले कोपीचे वर्णन ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की, बैलजोडी विकू, नांगरट भाड्याने करून घेऊ. बैल विकले. बाकी फेड दर वर्षी भात निघाल्यावर करायची असे ठरवले. वहीतील जुन्या उचलीच्या बाक्या मी त्याच रात्री खोडल्या.

पहिल्यांदा मंडळीबाहेरच्या एका घरी गेलो. त्या बाईचा नवरा गेल्या वर्षी वारला, हे मला तिथे गेल्यावर कळले. ती खाट टाकून बस म्हणाली नाही, आणि मी उभाच राहिलो. सांगितल्याप्रमाणे मी तिचा आकडा आधी विचारला. ती काही न बोलता मला आत घेऊन गेली. चुलीमागच्या कुडाच्या भिंतीवर, सारवलेल्या जागेच्या वर, कोळशाच्या रेघांच्या तीन ओळी होत्या. एक रेघ म्हणजे ज्वारीचा एक कट्टा, आणि एक ओळ म्हणजे एक हंगाम. तिचा नवरा घरी आला की आठवणीने रेघा मारत असे. आम्ही दोघांनी त्या वहीशी ताडून पाहिल्या. माझ्या हिशेबाप्रमाणे मी तिच्याकडून दोन कट्टे जास्तीचे धरले होते; भिंतीप्रमाणे ते चार होते. दुसऱ्या हंगामातील ते दोन मी खोटे लिहिले होते हे मी स्वतःच विसरून गेलो होतो.

मी भिंतीचा हिशेब मानला आणि व्याज धरून पैसे तिच्या हातात दिले. तिने ते मोजून घेतले. क्षमा केली असे ती म्हणाली नाही, मीही मागितली नाही. निघताना तिने विचारले की, पलीकडच्या पाड्यावरच्या तिच्या दिराचाही हिशेब माझ्याच वहीत होता, त्याच्याकडे कधी जाणार? शनिवारी जातो, असे सांगून आलो आहे. 1 लाख 86 हजारांचा आकडा मात्र आता मी खोडला आहे, कारण अजून तेरा घरी विचारायचे बाकी आहे.