मदत हवी आहे: फीडरमधले दाणे दवाने भिजतात, आणि कबुतरांचं काय करू?

नेरुळला सिडकोच्या रो-हाऊसमध्ये राहतो. मागच्या अंगणात पेरूला नळीचा फीडर टांगलाय, खाली ताटली असलेला. बाजरी आणि तांदळाची कणी घालतो. चिमण्या रोजच्या, पावसाळा सरल्यापासून ठिपकेवाल्या मनोल्याही येतात. फरसाण, शिळी पोळी बंद. मीठ-तेल पक्ष्यांना चालत नाही हे आईला पटलंय, निदान माझ्यासमोर तरी.

आपल्याकडची थंडी म्हणजे स्वेटर काढेपर्यंत परत ठेवायची वेळ. पण पहाटे दव पडतं, त्यात खाडीची दमट हवा. सकाळी ताटलीत कणीचा चिकट गोळा, आणि परवा तळाशी काळपट बुरशी दिसली. सगळे दाणे टाकून दिले. फीडर कशाने आणि किती दिवसांनी धुता? फिनेल लावायला मन धजत नाही.

त्याहून मोठी डोकेदुखी कबुतरं. शेजारच्या काकूंना दमा आहे. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्याचा वाद पेटल्यापासून त्या माझ्या फीडरकडे संशयाने बघतात, आणि त्यांचं चुकत नाही. वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना वाईटच. कबुतरं थांबणार नसतील तर फीडर उतरवीन. पण थंडीत एकदा सुरू केलेलं खाणं मध्येच बंद करू नये म्हणतात, ते खरं का?

प्रतिसाद १
ते बर्फ पडणाऱ्या मुलखाचं. तिकडे जमीन गोठते, दिवस लहान. आपल्याकडे पावसाळ्यानंतर गवताला बी धरलेलं असतं, मनोल्यांचं पोट त्यावर भरतं. फीडर काढला म्हणून कुणी उपाशी मरत नाही, खुशाल गावाला जा. मार्च-एप्रिलमध्ये पाण्याचं भांडं मात्र चुकवू नका.

धुण्याचं: आठवड्यातून एकदा साबणाच्या गरम पाण्याने घासायचं. मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचं. भरपूर पाण्याने खळबळून कडक उन्हात खडखडीत वाळवायचं. ओलसर फीडरमध्ये दाणे भरलेत की बुरशी परत आलीच. हातमोजे घाला, आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. दाणे दुपारपर्यंत संपतील एवढेच घाला, संध्याकाळी ताटली घरात.

प्रतिसाद २
कबुतरांसाठी फीडरभोवती जाळीचा पिंजरा करा. जाळी आणि फीडरमध्ये सगळ्या बाजूंनी वीतभर अंतर हवं, नाहीतर बाहेरून मान घालून खातात. खरं आमंत्रण मात्र खाली सांडलेल्या दाण्यांचं असतं, त्यावर रात्री घुशीही येतात. ते रोज गोळा करा. विष्ठा कोरडी झाडू नका, आधी पाणी मारा. काकूंसाठी एवढं कराच.

धागाकर्ता
दोघांचेही आभार! हार्डवेअरवाल्याकडे दोन इंची वेल्डेड जाळी आहे. चालेल?

प्रतिसाद २
बाल्कनीला लावतात त्या कबुतरजाळीचे चौकोनही साधारण दोन इंचांचेच असतात, त्यामुळे कबूतर आत येणार नाही. पण साळुंकी घुसू शकते. दीड इंची मिळाली तर तीच घ्या, चिमणी-मनोली त्यातून आरामात जातात. कापलेल्या तारांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवा. आणि सुरुवातीला पिंजऱ्याला बिचकून चिमण्या काही दिवस फिरकणार नाहीत, तेवढा धीर धरा.