उसातल्या कोल्ह्यांचं निरीक्षण : मदत हवी आहे

मंडळी, बारामतीकडच्या आमच्या उसाच्या फडात कोल्ह्यांची एक जोडी राहते. तिन्हीसांजेला कोल्हेकुई सुरू झाली की मी बांधावर जाऊन बसतो. विष्ठेत बोराच्या बिया आणि उंदरांचे केस दिसतात, म्हणजे ती आमच्याच उपयोगी पडतेय. मोठी झालेली काही पिल्लं पुढच्या वर्षी धाकट्यांना सांभाळायला आईबापाजवळ थांबतात, ते मला डोळ्यांनी बघायचंय.

पण आता फडाला तोड आलीय. पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवू नका, असं तोडणीच्या मुकादमाला बजावलंय. तोडीनंतर जोडी कुठे सरकेल? ओढ्याकाठच्या झुडपांत की शेजारच्या खोडव्यात (तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसात)? आणि बिळापासून ट्रॅप कॅमेरा (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा) किती लांब लावावा, म्हणजे मादी बिचकून पिल्लं हलवणार नाही? ज्यांनी कोल्हे जवळून पाहिलेत त्यांनी कृपया लवकर सांगा, ऊसतोडीची टोळी दोन दिवसांत येतेय.