मॉर्फिन थांबवल्यावर मेंदूतले सेरोटोनिन घटते की वाढते?

परळ_एमफार्म:
नमस्कार. मी परळच्या एका महाविद्यालयात एम. फार्म. करते आणि सोमवारी मला अफूजन्य औषधांच्या विड्रॉवलवर (सवयीचे औषध थांबल्यावर उठणाऱ्या त्रासावर) सेमिनार द्यायचा आहे. पाठ्यपुस्तकाचा सगळा भर मेंदूतले लोकस सेरुलियस हे केंद्र, तिथून सुटणारे नॉरअॅड्रेनॅलिन आणि ते आवरणारे औषध क्लोनिडीन यांवर आहे. सेरोटोनिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या आहेत. शोधनिबंध काढले, तर एकात मॉर्फिनची सवय लागलेल्या उंदरांत सेरोटोनिनची निर्मिती वाढते असे म्हटले आहे, आणि दुसऱ्यात विड्रॉवलच्या वेळी ते घटते असे. मी कोणती बाजू घ्यावी?

मुलुंडकर:
बाजू घेण्याआधी काय मोजले आणि केव्हा मोजले, ते पाहावे. वाढीचा दावा वे, लोह आणि शेन यांचा, १९६८ सालचा. पुढे इतर काही प्रयोगशाळांना ती वाढ आढळली नाही. घट दिसली ती मायक्रोडायलिसिसमध्ये, म्हणजे जिवंत रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) मेंदूत बारीक नळी बसवून पेशींबाहेरचे सेरोटोनिन मोजले तेव्हा. मॉर्फिन डॉर्सल राफेपाशी (मेंदूतल्या सेरोटोनिन-पेशींच्या केंद्रापाशी) गाबा या पेशींना आवरणाऱ्या रसायनाचा लगाम सैल करते, म्हणून सुरुवातीला सेरोटोनिन वाढते. मॉर्फिन बरेच दिवस चालू राहिले की गाबाचा जोर वाढतो, आणि नॅलोक्सोनने मॉर्फिनचा परिणाम एकदम हटवला की तो जोर उघडा पडून सेरोटोनिन खाली येते. निर्मितीचा वेग एक आणि पेशींबाहेरची पातळी दुसरी. दोन्ही एकाच तक्त्यात घालू नका.

शिवाय नुसते ‘उंदीर’ म्हणू नका. मराठीत दोघेही उंदीरच, पण नॅलोक्सोन टोचल्यावर माइस (लहान जातीचे उंदीर) काचेच्या भांड्यात उभ्या उड्या मारतात आणि रॅट भिजलेल्या कुत्र्यासारखे अंग झाडतात.

परळ_एमफार्म:
धन्यवाद, सर. ५-एचटीपी (ज्यापासून शरीरात सेरोटोनिन बनते ते द्रव्य) दिल्यावर माइस डोके झटकतात. मग रॅटचे अंग झाडणे हेही सेरोटोनिनचेच लक्षण मानावे का?

चेंबूर_न्यूरो:
तेवढ्यावरून मानू नये. डोके झटकणे ५-एचटी२ए रिसेप्टर (पेशीवर सेरोटोनिन, म्हणजे ५-एचटी, जिथे जोडले जाते त्या जागांचा एक प्रकार) चेतवल्याने होते; पातळी उतरलेली असताना तसेच लक्षण का दिसावे, हे आधी सांगावे लागेल. मला रिसेप्टरनिहाय मांडणी अधिक पटते. आपण उलटीवर देतो त्या ऑन्डान्सेट्रॉनने ५-एचटी३ हा दुसरा रिसेप्टर अडवल्यावर माइसच्या उड्या कमी झाल्या, आणि २००९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांतही विड्रॉवलची लक्षणे सौम्य झाल्याचे दाखवले. उलट, मॉर्फिन थांबवून चार आठवडे झालेल्या माइसमध्ये उड्या केव्हाच थांबलेल्या असतात, पण ते एकमेकांजवळ फारसे फिरकत नाहीत. त्यांना नियमित फ्लुऑक्झेटीन (सेरोटोनिनचा परिणाम वाढवणारे नैराश्यावरचे औषध) दिले, तेव्हा हा दुरावा टळला. म्हणजे पहिल्या काही तासांत सेरोटोनिनचा एक रिसेप्टर अडवून उपयोग झाला, तर महिन्याभराने सेरोटोनिनला बळ देऊन. सेमिनारचा वेळ मी याच विसंगतीवर घालवीन.

मुलुंडकर:
सहमत. एकच पुरवणी: शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते आणि ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. विड्रॉवलमधल्या जुलाबांचा विचार करताना ते जरूर घ्या. पण नुसती रक्तातली पातळी मोजलेला निबंध हाती आला, तर तो राफेच्या स्लाइडवर टाकू नका.